दुरुस्तीचं लेबल

५ जानेवारी, सोमवार

सामान फार नव्हतं. एक ट्रंक, एक वळकटी, पोथी आणि ही वही. त्यामुळे रात्रीच्या जेवणाच्या आत खोली लावूनही झाली. खोली संस्थेच्या मागच्या अंगाला आहे. भिंती नुकत्याच रंगवल्यात, दोन खिडक्या आहेत, टेबल इतकं मोठं की त्यावर मी पाय पसरून झोपू शकेन. मागच्या खिडकीतून डोंगराचा उतार आणि गच्च झाडी दिसते. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला नवी नोकरी मिळावी, आणि तीही निव्वळ अक्षरावर, याचं मला अजून हसू येतंय. गावच्या शाळेत मास्तरांनी बोटांवर पट्ट्या मारून अक्षर वळवलं, त्याचं चीज व्हायला चाळीस वर्षं लागली.

संस्थेचं काम मुंग्यांचं. प्रमुख बाई साठीच्या आहेत, आवाज खणखणीत. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, की स्वयंपाकघरातल्या मुंग्यांवर सगळ्यांचं सगळं लिहून झालंय. ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही त्या जाती किती आणि कुठे कुठे राहतात, एवढंच आपलं काम.

सकाळी निघताना आईच्या पाया पडलो. कमरेखाली तिला तीन वर्षांपासून काही जाणवत नाही, त्यामुळे ते तिला कळलं नसणार. म्हणून कानाशी जाऊन सांगितलं, पंधरा दिवसांनी येतो. तिने डोळे मिटले. देवाची कृपा, सगळं नीट पार पडलं.

६ जानेवारी, मंगळवार

आज काम समजून घेतलं. कागदाच्या चिंचोळ्या त्रिकोणाच्या टोकाला डिंकाचा थेंब, त्यावर मुंगी, त्रिकोण टाचणीत, आणि टाचणीत खाली लेबल. लेबल करंगळीच्या नखाएवढं. त्यावर ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव. छापलेली शाई पुसट होते म्हणून बाई हाताने लिहून घेतात. त्या म्हणाल्या, मेलेली मुंगी कोणीही दाखवेल हो, ती कुठली हे फक्त लेबल सांगतं.

एक नियम त्यांनी दोनदा बजावला. एकदा लावलेलं लेबल काढायचं नाही. चूक निघाली तर त्याच टाचणीत खाली दुसरं लावायचं, त्यावर खरं ठिकाण लिहायचं आणि सही करायची. नुसतं ‘चूक आहे’ म्हणून भागत नाही.

मग नमुन्यादाखल एक लेबल लिहायला सांगितलं, मनात येईल ते. माझ्या हातून गावाचं नाव, आमचं घर आणि पुढे ‘आईची खोली, पलंगाखाली’ असं उमटलं. खाली कालची तारीख आणि माझं नाव. बाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, एका दिवसात घर आठवायला लागलं का? अक्षर मात्र त्यांना फार आवडलं. एका जुन्या डबीत लेबल हरवलेली एक फिकट, कणीहून बारीक मुंगी होती. तिच्याच टाचणीत त्यांनी माझं लेबल खोचलं आणि डबी आपल्या खणात ठेवली. आल्यागेल्याला दाखवीन, अक्षर कसं असावं ते, म्हणाल्या. मी लाजलो, पण बरं वाटलं.

११ जानेवारी, रविवार

सुटी. सकाळी नामस्मरण झाल्यावर बराच वेळ नुसता बसून राहिलो. सूक्ष्मदर्शकातून आठवडाभर जे पाहिलं ते डोळ्यांपुढून हलत नाही. एकीचा जबडा सापळ्यासारखा सताड उघडा, केसाला धक्का लागला की मिटणारा. एकीचं डोकं चपटं, बाटलीच्या बुचासारखं. बिळाच्या तोंडाशी ते लावून ती स्वतःच दार होऊन बसते. एक जात फक्त दुसरीच्या घरात चोरून राहते. एवढ्या जीवांना ज्याने जागा नेमून दिली त्याला हात जोडले.

आमच्या डोंगराचे नकाशावर वीस चौकोन केलेत. प्रत्येक चौकोनात जाऊन पालापाचोळा चाळायचा, चाळलेला चुरा कापडी पिशवीत भरून दोन दिवस टांगायचा. मुंग्या खाली खाली सरकत स्पिरिटच्या बाटलीत पडतात. जीपचा ड्रायव्हर याच डोंगरावर जन्मलेला. त्याला सगळे ब्रेकमामा म्हणतात, कारण तो ब्रेक सोडून बाकी सगळं वापरतो. मला त्याने गुरुजी करून टाकलंय.

दुपारी हिचा फोन. आईच्या अंथरुणावर मुंग्या झाल्यात, बारीक, पांढरट. ही म्हणाली, “मुंग्यांचे साहेब झालात ना, मग घरच्यांना आधी समजवा.” मी पलंगाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायला सांगितलं.

२० जानेवारी, मंगळवार

पंधरा दिवस झाले. गावी गेलो नाही. कामाचं निमित्त सांगितलं.

खरं ते निदान इथे लिहावं. काम इतकं नाही. तीन वर्षं सकाळ-संध्याकाळ आईला कुशीवर वळवलं, तिचे पाय चेपले. त्या पायांना कळत नव्हतं तरी चेपले, कारण माझ्या हातांकडे बघताना तिचा चेहरा निवायचा. लोक मला श्रावणबाळ म्हणायचे. आणि मी त्या खोलीतून सुटायची वाट बघत होतो. आता हे सगळं ही एकटी करते.

एकेचाळीस नंबरची मुंगी पाहायला मिळाली. अजून तिला नाव नाही, यादीतला नंबर तेवढा. फिकट, आंधळी, जमिनीखालून चालणारी. साऱ्या डोंगरात ती फक्त तीन नंबरच्या चौकोनात, रस्त्याकडेच्या एका झाडाखाली मिळते. बाईंच्या खणातली माझ्या लेबलावरची मुंगीही तीच निघाली.

२८ जानेवारी, बुधवार

आज जे झालं ते लिहू की नको, म्हणून बराच वेळ पेन धरून बसलो होतो.

सतरा ते वीस हे चौकोन खालच्या दरीत आहेत. ब्रेकमामाने मला वळणावर सोडलं आणि तो जीपमध्ये आडवा झाला. मी एकटा उतरलो. अर्ध्या वाटेत पायाखालची खडी सरकली, गुडघा मुरगळला, एका मुळीला धरून लोंबकळलो. कसाबसा वर आलो आणि तिथेच बसून राहिलो. पुन्हा उतरायची छाती झाली नाही. वर जाऊन तसं सांगायचीही झाली नाही. ‘गुरुजी दमले’ हे ब्रेकमामा चार दिवस चघळत बसला असता.

परतताना तीन नंबरचा चौकोन लागतो. लघवीला जातो म्हणून उतरलो आणि तिथलाच पाला चाळून पिशवी भरली.

खोलीत येऊन लेबल लिहिलं : चौकोन सतरा. नुसतं तेवढं उघडं वाटत होतं. खोट्याला तपशील लागतो. म्हणून जोडलं, ‘उतारावर, तीन ठिकाणी तडकलेल्या काळ्या दगडाखाली’. अक्षर नेहमीपेक्षा सुंदर आलं. आज पोथी उघडली नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

अठरा, एकोणीस, वीस, तिन्हींचं तसंच केलं. एकदा केल्यावर दुसऱ्यांदा हात थांबत नाही. ‘पोकळ खोडात.’ ‘ओल्या मुळांशी.’ ‘ओढ्याकाठी, तांबूस मातीत.’

आज बाईंनी बाटल्या पाहिल्या आणि खुर्चीतून उठल्याच. एकेचाळीस! चारही चौकोनांत! एका झाडापुरती वाटलेली मुंगी डोंगरभर पसरलेली निघाली. त्यांनी मला समोर बसवलं, स्वतः चहा ओतून दिला. पुढच्या परिषदेत हा नकाशा दाखवणार आणि त्यावर माझंही नाव घालणार. डोळे भरून आले होते त्यांचे. बारा वर्षं त्या या मुंगीमागे आहेत.

सांगायला तोंड उघडलं आणि साखर मागितली.

त्यांनी तिची रीतही सांगितली. इतर मुंग्या भक्ष्य घरी ओढून आणतात. ही आणत नाही. गोम दिसली की डंख मारून तिला लुळी करते, पण मारत नाही. मग सगळं घरच तिच्याकडे हलवते. अळ्या उचलून त्या लुळ्या अंगावर ओळीने मांडते. एखादी आधीच लुळी पडलेली सापडली तर काय, तिची मजाच, असं म्हणून बाई हसल्या. मीही हसलो.

८ फेब्रुवारी, रविवार

हिचा फोन. आवाज वेगळाच, आनंदातला. आईच्या पायांत जाणीव येतेय! आई म्हणते, पायावरून काहीतरी सरसरतं, गुदगुल्या होतात. ही म्हणाली, “तीन वर्षं तुम्ही चेपलेत, ते वाया नाही गेलं बघा. आता तरी या.”

फोन ठेवून रडलो. माझ्यासारख्यावरही देव कृपा करतो. पुढच्या रविवारी जाईन.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बाई आज स्वतः सतरा नंबरला गेल्या. परिषदेआधी वारूळ डोळ्यांनी बघायचंय म्हणाल्या. मी गुडघा पुढे केला आणि मागे राहिलो. दिवसभर एक लेबल धड लिहिलं नाही. दरवाजाकडे तोंड करून बसलो होतो, चोर बसतो तसा.

चारच्या सुमारास जीप आली. बाई धुळीने माखलेल्या, आणि हसत होत्या. सापडलं. उतारावर, तीन ठिकाणी तडकलेल्या काळ्या दगडाखाली. तुम्ही लिहिलं होतं तस्संच, गुरुजी. दगड उचलला तर खाली पांढरं दूध सांडल्यासारखं.

मी तिथे कधी पोचलोच नव्हतो.

आणि मला काय वाटलं? सुटका. देवाने माझी लाज राखली असं वाटलं. त्याचे आभार मानले. हे लिहिताना हात थांबतोय, पण मानले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काल गावी गेलो नाही.

आज ब्रेकमामाला बरोबर घेऊन दरीत उतरलो. त्याने हात धरून उतरवलं आणि चेष्टाही केली नाही, ते जास्त लागलं. अठरामध्ये पोकळ खोड आहे. मी मनाने रचलेलं. त्यात त्या आहेत. शेजारी तसंच दुसरं खोड आहे, त्यात एकही नाही. मी लिहिलं तेवढ्याच जागेत.

सतराच्या दगडाशी ब्रेकमामा घुटमळला. म्हणाला, “लहानपणी इथे गुरं आणायचो, गुरुजी. हा दगड नव्हता.” मग स्वतःच हसला, डोळे गेले आता माझे, म्हणाला.

मला हसू आलं नाही. त्या मुंग्या आंधळ्या आहेत. त्यांना ही जागा कोणी दाखवली?

बाई उद्या परिषदेला निघतायत. पंचवीसला परत.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी हिचा फोन. घाबरलेली. आई दोन दिवस फार खुशीत आहे, एकटीच बोलते. म्हणते, माझा मुलगा आलाय. पलंगाखाली बसून पाय चेपतोय.

हिने आज चादर वर केली. आधी तिला वाटलं, भाताची शितं सांडलीत. टाचेपासून गुडघ्यापर्यंत. ओळीने.

त्या हलत होत्या.

झटकल्या, पाय धुतले, डॉक्टर येऊन गेला. जखम नाही म्हणाला. आईला तिने पुढच्या खोलीत हलवलंय.

मला ते लेबल आठवलं. ‘आईची खोली, पलंगाखाली.’ पाच जानेवारी. गोळा करणारा, मी. ती माझी पहिली खोटी नोंद. सतरा नंबर नव्हे. त्या दिवसापासून त्या चालल्या होत्या.

डबी बाईंच्या खणात. खणाला कुलूप. किल्ली बाईंकडे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला. मागे माणसांचे आवाज, कोणीतरी त्यांचं अभिनंदन करत होतं. नकाशा सगळ्यांना फार आवडला म्हणाल्या. बोला, गुरुजी.

मी म्हणालो, मागचा नळ गळतोय, माणूस बोलावू का.

बोलवा की, म्हणाल्या.

आई तिकडे — आणि मी नळ.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पुढच्या खोलीतही आल्या. आई जिथे, ती आईची खोली. रॉकेल, गरम पाणी, काही चालत नाही. डॉक्टर म्हणतो दवाखान्यात आणा. आई जायला तयार नाही. मुलगा उठून जाईल म्हणते.

ही रडत होती. तुम्ही काय करताय तिथे, विचारलं. काय सांगू. बसनेही पोचायला अख्खा दिवस. आणि पोचून — हात लावायचा धीर होईल का मला? तीन वर्षं होता तो.

पुन्हा बाईंना फोन. वाजला. त्यांनी उचलायच्या आत मीच ठेवला.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी खण फोडला. पेचकस घेऊन. कबूल करण्यापेक्षा कुलूप फोडणं सोपं गेलं.

लेबल टाचणीतून ओढून काढलं. जाळायचं होतं. जाळवलं नाही, पोथीत दडवलं. माझं अक्षर पोथीत.

दुपारी ही म्हणाली, आता कमरेपर्यंत.

काढून चालत नाही. बाईंनी दोनदा सांगितलं होतं. खाली दुसरं लावायचं. खरं ठिकाण लिहायचं. सही करायची.

२३ फेब्रुवारी, सोमवार, सकाळ

लेबल पोथीतून काढून परत टाचणीत घातलं. खाली दुसरं लावलं : वरील नोंद खोटी, ठिकाण माहीत नाही. सही.

तासाने फोन केला. काही फरक नाही. आई आता बोलतही नाही, नुसती हसते.

माहीत नाही म्हणून भागत नाही. त्यांना जागा द्यावी लागते. कोणाची तरी.

ब्रेकमामाला बोलावून सगळं सांगितलं. दगड, खोड, नळ, सगळं. तो म्हणाला, “एवढंच ना? मला म्हणाला असता तर मी नेलं असतं की खाली, पाठीवर बसवून.” आणि गेला. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुपार

बाईंना फोन केला. या वेळी ठेवला नाही. चार चौकोन सांगितले. त्यांनी विचारलं, नळाचं काय झालं? तुम्ही त्या दिवशी हेच सांगायला फोन केला होता ना?

हो म्हणालो.

नकाशा मागे घेते, म्हणाल्या. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. बारा वर्षं.

चारही टाचण्यांत खाली दुरुस्ती लावली. ‘वरील ठिकाण खोटं. मुंगी चौकोन तीनमधली.’ सही. सही. सही. सही.

पाचवी टाचणी राहिली. तिची मुंगी कुठली, कोणालाच ठाऊक नाही. पण मी त्यांना आईकडे पाठवलं. परत बोलवायचं तर बसायला पाट द्यायला हवा.

लिहिलं : ‘वरील ठिकाण खोटं. संस्था, मागची खोली, टेबलाखाली. खुर्चीत बसलेल्या माणसाचे पाय.’ आजची तारीख. सही केली.

गोळा करणाऱ्याच्या नावाची ओळ कोरी आहे. माझं नाव तिथे बसत नाही, या वेळी गोळा करणारा मी नाही.

साडेचार

हिचा फोन. पाय स्वच्छ. एकही नाही. धुवायलाही लागलं नाही, भिंतीत शिरल्या आणि गेल्या. आई शुद्धीवर आहे, पेज घेतली.

देवा.

मग ही म्हणाली, आई सारखी विचारतेय. तो उठून का गेला? मी काही बोलले का त्याला?

तिला काय सांगावं ते हिला सांगितलं. सांग, तो कधी आलाच नव्हता. ही म्हणाली, मी नाही सांगणार असलं.

पाच

ऊन अजून टेबलावर आहे. गुडघा दुखायचा थांबला. बरं वाटलं. मग लक्षात आलं — दुसराही गुडघा — खालचं काहीच —

खाली बघत नाही.

डंख कळलाच नाही. आईलाही नसेल कळला.

साडेपाच

सरसरतंय. लुळ्या पायांतही कळतं, ती खरं सांगत होती. कोणी हलक्या हाताने चेपतंय. माझ्यासारखं. मी चेपायचो तसंच, टाचेपासून वर —

मी चेपायचो तेव्हा तिला कळत होतं. सगळं कळत होतं. हात कधी कंटाळलेले ते सुद्धा —

बाई, ही वही तुमच्यासाठी. खणाच्या कुलपाबद्दल क्षमा. लेबल पूर्ण करतो, कोरी ओळ ठेवू नये असं तुम्ही —

हात वर येत नाहीये. डावा. उजवा अजून —

गोळा करणारे :